लवण-क्लोरीन जनित्र (जलतरण तलाव)

लवण-क्लोरीन जनित्र हे जलतरण तलावातील सौम्य खारट पाण्याचे विद्युत् विच्छेदन करून जागच्या जागी क्लोरीन तयार करणारे उपकरण आहे. बाजारात ते 'सॉल्ट क्लोरिनेटर' या नावाने ओळखले जाते. बाहेरून ब्लिचिंग पावडर किंवा द्रवरूप क्लोरीन आणून रोज तलावात टाकण्याऐवजी पाण्यात विरघळवलेल्या मिठापासूनच जंतुनाशक मिळवणे, हा या उपकरणाचा उद्देश होय. घरगुती तलाव मोठा असेल, तर जनित्राची क्षमता किती असावी हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. वेष्टनावर छापलेला लिटरचा आकडा त्यासाठी पुरेसा नसतो. तलावात दररोज किती ग्रॅम क्लोरीन खर्च होतो आणि जनित्र दिवसाला किती ग्रॅम क्लोरीन देते, या दोन संख्यांच्या तुलनेवरून क्षमता ठरते. रत्नागिरीसारख्या कोकण किनाऱ्यावरील ठिकाणी कडक उन्हाळा, अतिवृष्टी, खंडित होणारा वीजपुरवठा आणि सच्छिद्र जांभा खडक यांचाही या निर्णयात विचार करावा लागतो.

संज्ञा आणि गैरसमज

'खाऱ्या पाण्याचा तलाव' या शब्दप्रयोगामुळे दोन गैरसमज होतात. पहिला असा, की त्यात समुद्राचे पाणी असते. प्रत्यक्षात समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर अशा तलावाच्या पाण्यात साधारणतः ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे समुद्राच्या सुमारे एक दशांश मीठ असते. दुसरा गैरसमज असा, की या तलावात क्लोरीन नसतो. या तलावातही जंतुनाशनाचे काम क्लोरीनच करतो. मीठ हा केवळ त्याचा कच्चा माल आहे. त्यामुळे जनित्र बंद पडलेल्या किंवा अपुऱ्या क्षमतेच्या तलावात नुसत्या मिठामुळे कोणतेही संरक्षण मिळत नाही.

इतिहास

क्लोरीन वायू सर्वप्रथम कार्ल विल्हेल्म शेले यांनी १७७४ मध्ये मिळवला. विल्यम क्रुकशँक यांनी १८०० मध्ये मिठाच्या द्रावणातून वीज प्रवाहित करून क्लोरीन तयार केला. मायकेल फॅरडे यांनी १८३३-३४ मध्ये विद्युत् विच्छेदनाचे नियम मांडले. आजही जनित्राचे उत्पादन याच नियमांच्या आधारे मोजले जाते. मात्र क्लोरीनच्या संपर्कात दीर्घकाळ टिकणारा विद्युदग्र उपलब्ध नसल्याने लहान उपकरणे बराच काळ व्यवहार्य ठरली नाहीत. १९६० च्या दशकात हेन्री बीअर यांनी रुथेनियमच्या ऑक्साइडाचा लेप दिलेले टायटॅनियमचे विद्युदग्र विकसित केल्यावर ही अडचण दूर झाली. १९७० च्या दशकापासून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये घरगुती तलावांसाठी अशी जनित्रे वापरात आली. गोव्यातील कुंडई औद्योगिक वसाहतीत असलेली डी नोरा इंडिया (पूर्वीची टायटॅनॉर कंपोनंट्स) ही कंपनी लेपित टायटॅनियम विद्युदग्रांचे उत्पादन करते.

रचना आणि कार्य

जनित्राचे दोन मुख्य भाग असतात. पाणी गाळून झाल्यावर परतीच्या नळावर बसवलेला घट (सेल) आणि त्याला कमी दाबाची एकदिश वीज पुरवणारा नियंत्रक. घटात टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या समांतर बसवलेल्या असतात. वीज सुरू होताच धनाग्रावर क्लोरीन आणि ऋणाग्रावर हायड्रोजन व हायड्रॉक्साइड तयार होतात. क्लोरीन लगेच पाण्यात विरघळतो. एकूण अभिक्रिया पुढीलप्रमाणे मांडता येते :

मीठ + पाणी + वीज → सोडियम हायपोक्लोराइट + हायड्रोजन

हायपोक्लोराइटाने जंतूंवर काम केल्यावर किंवा सूर्यप्रकाशाने त्याचे विघटन झाल्यावर त्यातील क्लोरीनचे पुन्हा क्लोराइडात रूपांतर होते. त्यामुळे मीठ खर्च होत नाही, ते चक्राकार वापरले जाते. मीठ कमी होते ते पाणी उडाल्याने, गाळणी उलट धुताना बाहेर गेल्याने, गळतीने आणि पावसात तलाव भरून वाहिल्याने. बाष्पीभवनाने केवळ पाणी कमी होते, मीठ मागे राहते.

फॅरडेच्या नियमानुसार एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिल्यास पट्ट्यांमधील प्रत्येक कप्प्यात जास्तीत जास्त १.३२ ग्रॅम क्लोरीन तयार होतो. यावरून पुढील सूत्र मिळते :

तासाचे उत्पादन (ग्रॅम) = १.३२ × प्रवाह (अँपिअर) × कप्प्यांची संख्या × कार्यक्षमता

उदाहरणार्थ, सात पट्ट्यांमध्ये सहा कप्पे असतील, प्रवाह ६ अँपिअर आणि कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर ताशी सुमारे ४० ग्रॅम क्लोरीन मिळतो. पंप बंद असताना घट चालत नाही, म्हणून दिवसाचे उत्पादन पंपाच्या तासांवर अवलंबून असते.

क्लोरीनचा दैनंदिन खर्च

खुल्या तलावातील क्लोरीन मुख्यतः तीन कारणांनी कमी होतो : सूर्यप्रकाश, पोहणाऱ्यांच्या शरीरावरील घाम व इतर सेंद्रिय द्रव्ये, आणि पाण्यात पडणारी पाने, धूळ व शेवाळ.

यांपैकी सूर्यप्रकाशाचा वाटा सर्वांत मोठा असतो. पाण्यात कोणतेही संरक्षक द्रव्य नसेल, तर भर दुपारच्या उन्हात सुमारे तासाभरात निम्मा क्लोरीन नष्ट होऊ शकतो. हे टाळण्यासाठी सायन्यूरिक अम्ल वापरतात. ते क्लोरीनला सैलसे बांधून ठेवते व उन्हापासून वाचवते. मात्र बांधलेला क्लोरीन जंतूंवर सावकाश काम करतो. त्यामुळे हे अम्ल जितके जास्त, तितकी क्लोरीनची पातळीही जास्त ठेवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची कमाल मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम अशी सुचवली आहे. जनित्र असलेल्या खुल्या तलावात ते सामान्यतः ५० ते ८० मिलिग्रॅम ठेवतात.

पाण्याचा सामू (पीएच) हाही महत्त्वाचा घटक आहे. सामू ७.५ असताना, सायन्यूरिक अम्ल नसलेल्या पाण्यातील साधारण निम्मा मुक्त क्लोरीन हायपोक्लोरस अम्ल या प्रभावी रूपात असतो; सामू ८ झाल्यास हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर येते. घटातून निघणाऱ्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांमुळे पाणी घुसळले जाते व त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो. म्हणून जनित्राच्या तलावात सामू हळूहळू वाढत राहतो व तो अधूनमधून सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाने उतरवावा लागतो.

सायन्यूरिक अम्लाने संरक्षित खुल्या तलावात दररोज लिटरमागे साधारण २ ते ४ मिलिग्रॅम क्लोरीन खर्च होतो. तलावाची नेमकी घट मोजण्याची पद्धत सोपी आहे. जनित्र बंद व पंप चालू ठेवून सकाळी आणि सायंकाळी मुक्त क्लोरीन मोजावा. दोन मापांतील फरक ही दिवसाची घट होय. हीच चाचणी सूर्यास्तानंतर व पुढील सूर्योदयापूर्वी करावी. रात्रीतून लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त घट झाल्यास पाण्यात शेवाळ किंवा सेंद्रिय मळ वाढत असल्याचे समजावे आणि तो आधी दूर करावा, कारण अशा अस्वच्छ पाण्याच्या मापावरून क्षमता ठरवल्यास निष्कर्ष चुकतो. मोजणीसाठी डीपीडी रसायनाचा संच योग्य असतो. पिण्याच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतींच्या जलसुरक्षकांना परिचित असलेल्या 'ओ.टी.' चाचणीत पाणी पिवळे होते, परंतु तिच्यात मुक्त व संयुक्त क्लोरीन वेगळे दिसत नाहीत. म्हणून तलावासाठी ती अपुरी पडते.

क्षमता ठरविण्याची पद्धत

एका घनमीटर पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन वाढवण्यासाठी बरोबर १ ग्रॅम क्लोरीन लागतो. त्यामुळे हिशेब सुटसुटीत होतो :

दिवसाची गरज (ग्रॅम) = पाणी (घनमीटर) × दैनंदिन घट (मिलिग्रॅम प्रतिलिटर)

लागणारी क्षमता (ग्रॅम प्रतितास) = दिवसाची गरज ÷ (पंपाचे तास × ०.८)

०.८ हा गुणक राखीव क्षमतेसाठी आहे. घटावरील लेप हळूहळू झिजतो, पट्ट्यांवर चुन्याचा थर बसतो आणि पाहुणे आल्यावर खर्च वाढतो. नवा घट पहिल्या दिवसापासून पूर्ण शक्तीने चालवावा लागत असेल, तर तो लहान निवडला गेला आहे असे मानतात.

उदाहरण : रत्नागिरी परिसरातील एका बंगल्याचा खुला तलाव १५ मीटर लांब व ६ मीटर रुंद आहे आणि त्याची खोली १.१ मीटरपासून १.९ मीटरपर्यंत समान उताराने वाढते, असे मानू. सरासरी खोली १.५ मीटर, पृष्ठभाग ९० चौरस मीटर आणि पाणी १३५ घनमीटर, म्हणजे १,३५,००० लिटर. क्षमता नेहमी सर्वाधिक खर्चाच्या काळासाठी ठरवावी लागते. कोकणात तो काळ एप्रिल-मे हा होय. तेव्हाची घट ४ मिलिग्रॅम धरल्यास दिवसाची गरज ५४० ग्रॅम होते.

| पंपाचे तास | किमान उत्पादन (ग्रॅम/तास) | राखीव धरून क्षमता (ग्रॅम/तास) |
|---|---|---|
| ८ | ६८ | ८४ |
| १२ | ४५ | ५६ |
| १६ | ३४ | ४२ |

पंपाचे तास दुप्पट केल्यास लागणारी क्षमता निम्मी होते, हे या कोष्टकावरून दिसते. मंद गतीने जास्त वेळ चालणारा, बदलत्या वेगाचा पंप वापरल्यास लहान जनित्र पुरते. मात्र घटाला लागणारा किमान प्रवाह त्या मंद गतीतही मिळतो का, हे पाहावे लागते. एका मोठ्या घटाऐवजी दोन मध्यम घट बसवल्यास एक नादुरुस्त झाला तरी दुसरा काम चालू ठेवतो.

वेष्टनावरील आकड्याची मर्यादा : '१,५०,००० लिटरपर्यंत' असे लिहिलेले, ताशी ३० ग्रॅम क्षमतेचे जनित्र या तलावाला बसवले आणि पंप आठ तास चालवला, असे समजू. दिवसाला २४० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे सुमारे १.८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळेल. गरज ४ मिलिग्रॅमची आहे. घट बऱ्याच अंशी क्लोरीनच्या पातळीच्या प्रमाणात असल्याने पातळी लगेच शून्यावर येत नाही. ती अपेक्षित पातळीच्या निम्म्याहून खाली स्थिरावते आणि गर्दीच्या दिवशी जवळजवळ संपते. चोवीस तास चालवल्यास हेच जनित्र ७२० ग्रॅम देते. 'इतक्या लिटरपर्यंत' या दाव्यामागे पंपाचे किती तास व किती दैनंदिन घट गृहीत धरली आहे, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो.

साचलेले शेवाळ मारण्यासाठी क्लोरीन एकदम वाढवणे हे मात्र जनित्राचे काम नाही. वरील तलावात पातळी १० मिलिग्रॅमने वाढवण्यास १,३५० ग्रॅम क्लोरीन लागतो. ताशी ४० ग्रॅम देणाऱ्या घटाला त्यासाठी सुमारे ३४ तास लागतील. अशा वेळी द्रवरूप क्लोरीन वापरतात.

अपुऱ्या क्षमतेचे धोके

अपुरा क्लोरीन डोळ्यांना दिसत नाही. गाळणी चांगली असल्यास पाणी अनेक दिवस नितळ दिसू शकते, पण नितळ पाणी निर्जंतुक असेलच असे नाही. उबदार पाण्यात वाढणारे मुक्तजीवी अमिबा नाकावाटे मेंदूत शिरून जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरणारा मेंदूज्वर घडवू शकतात. २०२४ मध्ये केरळमध्ये अशा अमीबी मेंदूज्वराने मुलांचे मृत्यू झाले. हा आजार दुर्मीळ असला, तरी तलावाच्या पाण्यात पुरेसा क्लोरीन सतत राखणे हा त्यावरील प्रमुख प्रतिबंधक उपाय आहे. जुलाब, कानाचे व त्वचेचे संसर्ग हे अधिक नेहमीचे परिणाम होत. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने (सीडीसी) तलावात लिटरला किमान १ मिलिग्रॅम, आणि सायन्यूरिक अम्ल वापरत असल्यास किमान २ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन राखण्याची शिफारस केली आहे.

मिठाचे प्रमाण

वरील तलावात लिटरला ३,५०० मिलिग्रॅम मीठ हवे असेल आणि भरलेल्या पाण्यात आधीच २०० मिलिग्रॅम असेल, तर १३५ × ३.३ म्हणजे सुमारे ४४५ किलोग्रॅम, अर्थात ५० किलोच्या नऊ गोण्या मीठ लागेल. किनाऱ्याजवळील काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. म्हणून मीठ टाकण्यापूर्वी मूळ पाण्याची लवणता मोजणे आवश्यक असते. मिठागरातील कच्च्या खडे मिठात माती आणि मॅग्नेशियम व कॅल्शियमचे क्षार असतात. त्यांमुळे पाणी गढूळ होते व पट्ट्यांवर थर बसतो. शुद्ध केलेले, आयोडीन व गुठळीरोधक द्रव्य नसलेले मीठ योग्य ठरते.

कोकणातील परिस्थिती

पावसाळा : रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. ३,००० मिमी पाऊस म्हणजे उदाहरणातील तलावाच्या ९० चौरस मीटर पृष्ठभागावर २७० घनमीटर पाणी; तलावाच्या एकूण पाण्याच्या बरोबर दुप्पट. हे पाणी तलावात पूर्ण मिसळून जादा पाणी बाहेर वाहत गेले, तर ३,५०० मिलिग्रॅम लवणता हंगामाअखेर ५०० मिलिग्रॅमच्याही खाली येते. पहिल्या ५०० मिमी पावसानंतरच ती सुमारे २,५०० मिलिग्रॅमवर उतरते. या सुमारास अनेक जनित्रे कमी लवणतेचा इशारा देतात किंवा बंद पडतात. रत्नागिरीत इतका पाऊस बहुधा जूनमध्येच होतो. सायन्यूरिक अम्लही त्याच प्रमाणात वाहून जाते.

त्यामुळे पावसाळ्यात सतत मीठ टाकत राहणे व्यर्थ ठरते. तलावावर आच्छादन घालणे, आणि पावसाचे हलके पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळण्यापूर्वी वरच्या वर वाहून जाईल अशी निचऱ्याची वाट ठेवणे, हे उपाय उपयोगी पडतात. ते शक्य नसल्यास घट काढून कोरडा ठेवावा, चार महिने द्रवरूप क्लोरीनवर काम चालवावे आणि ऑक्टोबरमध्ये लवणता मोजून मीठ पुन्हा भरावे. ढगाळ दिवसांत ऊन कमी असल्याने क्लोरीनचा खर्चही घटतो. म्हणून अधिक मोठे जनित्र घेतल्याने पावसाळ्याचा प्रश्न सुटत नाही.

तापमान : थंड प्रदेशांत पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यावर घटाचे उत्पादन मंदावते. रत्नागिरीत ही अडचण येत नाही. उलट उबदार पाण्यात शेवाळ वर्षभर वाढत असल्याने हिवाळ्यातही क्लोरीन चालू ठेवावा लागतो.

वीजपुरवठा : वीज नसेल तर क्लोरीनही तयार होत नाही. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली व मंडणगड तालुक्यांतील अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा प्रसंगासाठी द्रवरूप क्लोरीनचा थोडा साठा ठेवावा लागतो. १० ते १२ टक्के तीव्रतेच्या सोडियम हायपोक्लोराइटाच्या सुमारे ५ लिटरमध्ये उदाहरणातील एका दिवसाची गरज भागते. उष्णतेने ते निकामी होत जाते, म्हणून मोठा साठा उपयोगाचा नसतो.

पाणी आणि जमीन : जांभ्या खडकातील विहिरींचे पाणी सामान्यतः मृदू व किंचित अम्लीय असते. अशा पाण्यामुळे घटावर चुन्याचा थर कमी बसतो. मात्र पाण्यात कॅल्शियम फारच कमी असल्यास ते तलावाच्या सिमेंटच्या गिलाव्यातून चुना ओढून घेते. तलावाच्या काठाला जांभ्याचे चिरे असल्यास त्यांत मुरलेले मीठ सुकताना स्फटिकरूप होते आणि चिऱ्याचा पृष्ठभाग भुगा होऊन झडू लागतो. शिड्या व कठड्यांसाठी ३१६ प्रतीचे निष्कलंक पोलाद (स्टेनलेस स्टील) अधिक टिकते.

सांडपाण्याचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. लिटरला ३,५०० मिलिग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात सुमारे २,१०० मिलिग्रॅम क्लोराइड असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० नुसार क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास १,००० मिलिग्रॅम आहे. जांभा सच्छिद्र असल्याने आवारात सोडलेले पाणी शेजारच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. पावसाळ्यात ते विरळ होते, परंतु ऐन उन्हाळ्यात विहिरी खोल गेलेल्या असताना तलाव रिकामा केल्यास धोका अधिक असतो. आंब्याच्या झाडाला खारेपणा सोसत नाही. हापूसच्या कलमांच्या आळ्यात हे पाणी सोडणे अयोग्य आहे. गाळणी धुतलेल्या पाण्याच्या निचऱ्याची जागा जनित्र घेण्यापूर्वीच ठरवणे इष्ट असते.

देखभाल आणि सुरक्षितता

घटाच्या पट्ट्यांवरील थर सुटावा म्हणून बहुतेक जनित्रे ठरावीक तासांनी विजेची दिशा उलटवतात. तरीही थर साचल्यास पट्ट्या सौम्य अम्लाने धुतात. धातूच्या वस्तूने खरवडल्यास लेप निघून घट निकामी होतो. घट हा कालांतराने बदलावा लागणारा भाग असून त्याचे आयुष्य तो किती तास व किती शक्तीने चालला यावर अवलंबून असते. त्यामुळे थोडी जास्त क्षमता घेतल्यास सुरुवातीचा खर्च वाढतो, पण घट कमी तास चालून अधिक वर्षे टिकतो.

५४० ग्रॅम क्लोरीनबरोबर सुमारे १८५ लिटर हायड्रोजन वायू तयार होतो. वाहत्या पाण्याबरोबर तो तलावात येऊन हवेत विरून जातो. मात्र पाणी थांबलेले असताना घट चालू राहिल्यास नळात साठून स्फोट होऊ शकतो. म्हणून पाण्याचा प्रवाह थांबताच वीज तोडणारी कळ जनित्रावर असणे आणि ती कार्यरत असणे अत्यावश्यक आहे. पंपघरात हवा खेळती असावी, वीजजोडणीला योग्य भूयोजन (अर्थिंग) व गळतीरोधक स्विच असावा. अम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही वेगवेगळ्या जागी ठेवावीत व कधीही एकाच भांड्यात घेऊ नयेत.

हेही पाहा

क्लोरीन
विद्युत् विच्छेदन
जलशुद्धीकरण
मिठागर